निवृत्त बेसबॉलपटू टपालाने खरंच सही पाठवतात का? सुरुवात कशी करावी?

तुम्ही विचारलंय की पुण्याहून न्यू जर्सीला येऊन वर्ष झालं, 11 वर्षांच्या मुलीला वर्गातल्या मैत्रिणीमुळे बेसबॉल कार्डांचा, म्हणजे खेळाडूंचे फोटो छापलेल्या छोट्या कार्डांचा, नाद लागला, आणि जुन्या खेळाडूंना कार्ड पाठवलं की ते सही करून परत पाठवतात असं ती ऐकून आली आहे. हे खरं का, पैसे पाठवायचे का, आणि कार्ड हरवलं तर काय.

खरं आहे. मी ओहायोत राहते आणि मुलाबरोबर गेली 12 वर्षं हे करते आहे. संग्राहक याला नुसतं 'टीटीएम' ('थ्रू द मेल') म्हणतात, म्हणजे टपालातून मिळवलेली सही. आमची सुरुवात एका गराज सेलमध्ये 3 डॉलरला घेतलेल्या बुटांच्या खोक्यातून झाली. खोक्यात 1987 सालची टॉप्स कंपनीची कार्डं होती, लाकडाच्या फळीसारखी चौकट असलेली. त्या वर्षीच्या संचात 792 कार्डं आहेत आणि ती इतकी छापली गेली की आज बहुतेकांना काही किंमत नाही. म्हणूनच ती या कामाला उत्तम. हरवलं कार्ड तरी हळहळ वाटत नाही, आणि त्यांचा पुठ्ठा जुन्या पद्धतीचा, न चकाकणारा असल्याने शाई लगेच मुरते.

इथे आमची पहिली चूक झाली. मुलाने हौसेने नव्वदीतलं एक चकचकीत कार्ड निवडलं. परत आलं तेव्हा सहीचे थेंब थेंब झालेले, अर्धं नाव बोटाने पुसलेलं. 1989 मध्ये अप्पर डेक कंपनी आली आणि तिच्या पाठोपाठ सगळेच गुळगुळीत, चमकदार कार्डं काढू लागले. त्यांच्यावर शाई धरत नाही. असंच कार्ड पाठवायचं असेल तर पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासून घ्या. काही जण बेबी पावडर चोळून पुसतात. आणि फोटोत सहीला उजेडाची जागा आहे का तेही बघा. गडद जर्सीवर निळी सही दिसतच नाही.

आता पाकीट. बाहेर 10 नंबरचं, आत 9 नंबरचं, म्हणजे आतलं घडी न घालता बसतं. आतल्या पाकिटावर तुमचाच पत्ता आणि तिकीट. ते नसेल तर उत्तराची अपेक्षा धरू नका. ऐंशीच्या घरातला माणूस तुमच्यासाठी पाकीट शोधून तिकीट चिकटवेल असं मानणं बरोबर नाही. तिकीट 'फॉरेव्हर' घ्या. जुलै 2025 मध्ये साध्या पत्राचा दर 78 सेंट झाला, पण जुनं फॉरेव्हर तिकीट कितीही वर्षांनी चालतं, आणि इथे वर्षं लागू शकतात. कार्ड पातळ प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून पत्राच्या घडीत ठेवा. टॉपलोडर नावाचं कडक प्लॅस्टिक घालू नका. पाकीट वाकत नाही म्हणून पोस्ट जास्तीचे पैसे मागतं. खेळाडू कॅनडात राहत असेल तर परतीच्या पाकिटाला अमेरिकन तिकीट चालणार नाही, तिथलंच लागतं. हे आम्ही एक पाकीट गमावून शिकलो.

एकावेळी एक कार्ड, फार तर दोन. दहा-दहा कार्डं पाठवून सह्या विकणारे लोक आहेत, आणि त्यांच्यामुळे कित्येक खेळाडूंनी सही करणंच बंद केलं. म्हणून आम्ही पत्रात नेहमी विनंती करतो की सहीसोबत मुलाचं नाव लिहा. नाव घातलेलं कार्ड विकायला कोणी घेत नाही, आणि समोरच्याला खात्री पटते की हे खरंच एका पोराकडे जाणार आहे. आपली नावं मात्र त्यांना कळत नाहीत. माझ्या मुलाचं नाव पहिल्या कार्डावर 'आर्थर' होऊन आलं. तेव्हापासून एका चिकट चिठ्ठीवर मोठ्या, सुट्या अक्षरांत नाव लिहून ती कार्डाला लावतो.

पण या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं आहे ते पत्र, आणि तुम्ही त्याबद्दल काहीच विचारलेलं नाही म्हणून मी जास्त लिहिते आहे.

'मी तुमचा मोठा चाहता आहे' हे वाक्य लिहू नका. 11 वर्षांची मुलगी 1974 साली खेळलेल्या माणसाची चाहती कशी असेल? त्याला ते वाचताक्षणी कळतं. त्याऐवजी मुलीला त्या माणसाबद्दल आधी शोधू दे. अमेरिकन बेसबॉलच्या संशोधकांची 'सेबर' नावाची संस्था आहे, 1971 मध्ये स्थापन झालेली. तिच्या सभासदांनी हजारो खेळाडूंची चरित्रं लिहून फुकट वाचायला ठेवली आहेत, अगदी चार सामने खेळलेल्यांचीसुद्धा. 'बेसबॉल रेफरन्स' या वेबसाइटवर प्रत्येक सामन्याचा हिशेब सापडतो. त्यातून एक गोष्ट उचलायची आणि एकच प्रश्न विचारायचा, जो फक्त त्या माणसालाच विचारता येईल.

आमचं पहिलं पत्र एका पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला, होतं. नाव लिहीत नाही, कारण पत्ता त्यांच्या घराचा होता. दोन हंगाम मेजर लीगमध्ये, म्हणजे इथल्या सर्वांत वरच्या व्यावसायिक स्पर्धेत, पुढे सगळं आयुष्य ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात. माझ्या मुलाने विचारलं, 'पहिल्या सामन्याच्या आदल्या रात्री तुम्हाला झोप लागली का?' 11 दिवसांनी उत्तर आलं. कार्डावर सही, आणि आमच्याच पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूला पानभर मजकूर. झोप लागली नव्हती. आई रात्रभर बसचा प्रवास करून आली होती, आणि ती स्टँडमध्ये नेमकी कुठे बसली आहे हे न कळल्यामुळे पहिल्या डावात त्यांचं अर्धं लक्ष तिला शोधण्यात होतं. शेवटी लिहिलं होतं, हे मला इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

मी सांगलीत वाढले. 'आपली आवड'साठी 15 पैशांची पोस्टकार्डं पाठवून रेडिओला कान लावून बसायचे. पत्र टाकायचं आणि वाट बघायची ही सवय मला होती, मुलाला नव्हती. त्या दिवशी ती त्याला लागली.

म्हणून माझा आग्रह असा आहे की मोठ्या नावांच्या मागे लागू नका. हॉल ऑफ फेममधले, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीतले, बरेच जण सहीचे पैसे घेतात, आणि त्यात गैर काही नाही. काही जण ते पैसे धर्मादाय संस्थेला देतात. अपवादही होते. बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाचे बॉबी डोअर ओरेगॉनमध्ये राहत आणि आलेल्या पत्रांना उत्तर देण्यासाठी संग्राहकांमध्ये प्रसिद्ध होते. 2017 मध्ये 99 व्या वर्षी गेले, तेव्हा ते हॉल ऑफ फेमचे सर्वांत वयोवृद्ध हयात सदस्य होते. ब्रुकलिन डॉजर्सचे कार्ल अर्स्काइन 2024 मध्ये 97 व्या वर्षी गेले. 1953 च्या वर्ल्ड सिरीजमधल्या, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेतल्या, एका सामन्यात त्यांनी 14 जणांना स्ट्राइकआउट केलं होतं, म्हणजे चेंडू मारू न देता बाद केलं होतं, आणि डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलामुळे ते स्पेशल ऑलिंपिक्ससाठी आयुष्यभर झटले. अशा माणसाला मुलीने फक्त सही मागितली तर ती संधी वाया गेली असं मला वाटतं.

हार्मन किलब्रू यांचंही सांगते. 573 होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारलेला हा माणूस मिनेसोटाच्या संघातल्या तरुण खेळाडूंना बजावत असे की सही वाचता आली पाहिजे. त्यांची स्वतःची सही सुलेखनाच्या वहीसारखी आहे. टोरी हंटरसारख्या खेळाडूंनी त्यांच्या सांगण्यावरून आपली सही सुधारली. आजकालच्या कार्डांवर नुसत्या रेघोट्या दिसतात तेव्हा मला किलब्रू आठवतात.

पण आमच्या फाइलमधली बहुतेक कार्डं अशांची नाहीत. ती एक-दोन हंगाम खेळलेल्यांची आहेत. त्यांच्याविषयी एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असावी. 1980 च्या करारानंतर मेजर लीगमध्ये 43 दिवस काढलेल्या खेळाडूलाही निवृत्तिवेतन मिळू लागलं. त्याआधी 4 वर्षं लागायची, आणि नवा नियम जुन्यांना लागू केला नाही. 1947 ते 1979 च्या दरम्यान कारकीर्द संपलेले आणि 4 वर्षं न भरलेले शेकडो खेळाडू असे वाऱ्यावर राहिले. 2011 मध्ये त्यांना वर्षाला एक रक्कम देण्याचं ठरलं, 43 दिवसांच्या प्रत्येक टप्प्याला 625 डॉलर, जास्तीत जास्त 10,000. खेळाडू गेला की ती थांबते, पत्नीला मिळत नाही. ज्या खेळाने त्यांना असं विसरून टाकलं त्याच खेळातलं कोणी शाळकरी पोर त्यांचं नाव, त्यांचा एकुलता एक होमरन, त्या दिवशीचा पिचर कोण हे सगळं शोधून पत्र लिहितं, तेव्हा ते उत्तर देतात. आमच्या वहीप्रमाणे या गटातून दहापैकी सात पत्रांना उत्तर आलं. मोठ्या नावांकडून दहापैकी दोन.

पैशांचं विचारलंत. कोणी मागत असेल, तर ठरलेली रक्कम चेकने पाठवा. न मागणाऱ्याला नोट घालून पाठवू नका. आम्ही एकदा 5 डॉलर घातले होते, ते कार्डासोबत परत आले, आणि सोबत लिहिलं होतं की मुलाला आइस्क्रीम घेऊन द्या.

पत्ते कुठून मिळतात? संग्राहक वर्षानुवर्षं याद्या ठेवतात, त्यातल्या काही वर्गणी भरून मिळतात. जे आता प्रशिक्षक आहेत त्यांना फेब्रुवारी-मार्चमध्ये फ्लोरिडा किंवा अ‍ॅरिझोनातल्या स्प्रिंग ट्रेनिंगच्या, म्हणजे हंगामाआधीच्या सरावाच्या, मैदानावर, संघाच्या पत्त्याने लिहिता येतं. तेव्हा त्यांना सवडही असते. घरचा पत्ता मिळाला तर तो कोणाला पुढे देऊ नका, आणि गाडी घेऊन त्या दारात तर कधीच जाऊ नका. याद्या चुकतातही. एकदा आमचं पत्र त्याच नावाच्या एका निवृत्त सुताराकडे गेलं. त्यांनी कार्ड न खरडता परत पाठवलं आणि लिहिलं की मी तो नाही, पण त्याच्या नावाची पत्रं मला 30 वर्षं येताहेत, आणि तुमच्या मुलाचं अक्षर सगळ्यांत चांगलं आहे.

सही खरी कशावरून? मोठ्या नावांच्या बाबतीत शंका रास्त आहे. क्लबहाउसमधल्या, म्हणजे संघाच्या कपडे बदलण्याच्या खोलीतल्या, नोकरांनी खेळाडूंच्या नावाने सह्या केल्याच्या गोष्टी जुन्या आहेत, आणि खोट्या सह्यांच्या धंद्यावर एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोठी मोहीम राबवली होती. पण ज्याची सही बाजारात 2 डॉलरलाही जात नाही, त्याची नक्कल कोण कशाला करेल? मी तपासायला कुठे पाठवत नाही. पत्र आणि पाकीट कार्डासोबत जपून ठेवते, तेवढं मला पुरतं.

एका गोष्टीची मुलीला आधी कल्पना द्या. कधीकधी कार्ड कोरं परत येतं. 2018 मध्ये एका कॅचरच्या (क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा खेळाडू) पत्नीचं पत्र आलं की ते मार्चमध्ये गेले. शेवटच्या आजारात हात चालत होता तोवर ते पांढऱ्या इंडेक्स कार्डांवर सह्या करून ठेवत, उशिरा येणाऱ्या पत्रांसाठी. त्यातलं एक त्या बाईंनी आम्हाला पाठवलं होतं. आमचं कोरं कार्ड आणि ते इंडेक्स कार्ड मुलाने एकाच पानावर शेजारी-शेजारी लावलं आहे. मी त्याला सांगितलं नव्हतं. त्या बाईंना त्याने आभाराचं पत्रही स्वतःहून लिहिलं.

तर पहिलं पत्र कोणाला? तुमच्या भागातल्या संघाकडून सत्तरच्या दशकात थोडकं खेळलेला, वयाने पंचाहत्तरीच्या पुढचा कोणी शोधा. न्यू यॉर्कचे मेट्स किंवा यँकीज दोन्ही संघ चालतील. ही यादी दरवर्षी आखडते, तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट बघत थांबू नका. एक वही करा. पाठवल्याची तारीख, कुठलं कार्ड, काय विचारलं, आणि पुढे उत्तरासाठी रिकामी जागा. परतीच्या पाकिटावरचा पत्ता तुम्ही नका लिहू, तिलाच लिहू द्या. 2014 मध्ये पाठवलेलं आमचं एक पाकीट 2017 मध्ये आलं. पेटीतून मीच काढलं आणि मुलाचं 11 व्या वर्षीचं गोल गोल अक्षर बघून तशीच दारात उभी राहिले. तोवर तो 14 वर्षांचा झाला होता आणि त्याचं अक्षर पार बदललं होतं. आता तो कॉलेजला आहे. वहीत 19 ओळींपुढची जागा अजून रिकामी आहे, आणि त्यातल्या 3 ओळी 2016 सालच्या आहेत.