‘बै-बिल-वफा’तली वफा कोणाची?

अंबाजोगाईहून एका वाचकाने विचारलं आहे: आजोबांच्या पेटीत एक उर्दू दस्त निघाला. मौलवीसाहेबांकडून वाचून घेतला, तर वर ‘बै-बिल-वफा’ असं लिहिलेलं. गावाचं नाव मोमिनाबाद, साल 1349 फसली, मुदत पाच वर्षांची. थोरले काका म्हणतात जमीन विकली, धाकटे म्हणतात गहाण होती. मग हे ‘बिल’ कसलं, आणि जमिनीच्या कागदात वफा कुठून आली?

मोमिनाबाद म्हणजे तुमचंच अंबाजोगाई, निजामाच्या काळातलं नाव. फसली म्हणजे महसुलाच्या हिशोबाचं साल; त्यात 590 मिळवले की इसवी सन हाती येतो. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, त्यामुळे 1349 फसली म्हणजे 1939-40.

आता बिल. त्याचा वीजबिलाशी संबंध नाही. अरबीतलं ‘बि’ आणि ‘अल’ जोडून ‘बिल’ झालं, अर्थ ‘-सह’ किंवा ‘-ने’. आपण दिवसातून दहा वेळा ‘बिलकुल’ म्हणतो, त्यातलं बिल हेच. ‘बै’ म्हणजे विक्री. बैनामा, म्हणजे विक्रीखत, त्यातूनच आला, आणि इसार म्हणून दिला जाणारा बयाणाही त्याच घरातला.

राहिली वफा, आणि खरा गुंता इथेच आहे. गझलांनी हा शब्द आशिकाच्या गळ्यात बांधून टाकलाय, त्यामुळे कागदात तो दिसला की पैसे घेणाऱ्यानेच काहीतरी शब्द दिला असणार असं वाटतं. मूळ अर्थ वचन पुरं करणं एवढाच आहे, आणि या दस्तात ते वचन जमीन घेणाऱ्याचं असतं. विकणाऱ्याने ठरल्या मुदतीत पैसे परत आणून दिले, की घेणाऱ्याने जमीन मुकाट्याने परत करायची. म्हणजे वफा सावकाराने राखायची! हा व्यवहार बुखारा-समरकंदकडच्या हनफी पंथाच्या मुस्लिम कायदेपंडितांच्या काळातला. व्याज घेणं निषिद्ध, पण पैशाची नड तर सगळ्यांनाच. मग कर्जाला विक्रीचा अंगरखा चढवला. सावकार व्याज मागत नाही, जमिनीचं पीक खातो.

आपल्या मराठी दस्तांत यालाच ‘मुदत खरेदी’ म्हणतात. याच्या उलट ‘बै-कतई’, म्हणजे कायम खरेदी. कतई म्हणजे तोडलेलं. विकणाऱ्याचा संबंधच तुटला.

तेव्हा दोन्ही काका अर्धे अर्धे बरोबर आहेत. अंगरखा विक्रीचा, पोटात गहाण. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या (1882) कलम 58 मध्ये ‘सशर्त विक्रीने गहाण’ हा प्रकार सांगितलाय तो हाच. पण नाव तेच म्हणून निकाल तोच लागतो असं नाही. 1929 च्या दुरुस्तीने असं ठरवलं, की परतीची अट त्याच कागदात असेल तरच व्यवहाराला गहाण म्हणता येईल. वेगळ्या करारात लिहिली असेल तर नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये पुढे हेही सांगितलं, की अट एकाच कागदात आहे एवढ्यावरून गहाण ठरत नाही, पक्षकारांचा हेतू बघावा लागतो. हेतू ओळखायच्या खुणा घरगुतीच आहेत: किंमत बाजारभावापेक्षा फारच कमी होती का, ताबा कोणाकडे राहिला, सारा कोण भरत होतं.

जमीन सोडवण्याबद्दल मात्र फार आशा धरू नका. मुदत पाच वर्षांची होती असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे 1945 च्या आसपास सोडवायचा हक्क सुरू झाला. गहाण सोडवायच्या दाव्याला जुन्या मुदत कायद्यात साठ वर्षं होती, 1963 च्या कायद्यात तीस आहेत. साठ धरली तरी 2005 मागे पडलं. अर्थात हे शब्दाच्या नादी लागलेल्या माणसाचं गणित; वकिलाला कागद दाखवाच.

काकांचा वाद मिटवायचा असेल तर तहसिलातून 1954-55 च्या खासरा पत्रकाची, म्हणजे जमिनीच्या जुन्या सरकारी नोंदीची, नक्कल काढा. मराठवाड्यात जुनी जमीन शोधायची तर सगळे तिथेच जातात. तेव्हा कब्जा कोणाचा होता ते त्यात दिसेल. आणि दस्त उलटून पाठीमागचंही वाचून घ्या. पैसे परत पोचल्याची नोंद पुष्कळदा पाठीवरच दोन ओळींत उरकलेली असते, आणि मौलवीसाहेबांना तुम्ही बहुतेक समोरचीच बाजू दाखवली असेल.