लिहोसिन, ब्रुसेल्स आणि एम.एस्सी.

निफाड तालुक्यातून टी.वाय.बी.ए. अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीने लिहिलंय : 'युरोपीय संघासारख्या संस्था दुसऱ्या देशांची आर्थिक आणि पर्यावरणाची धोरणं कशी बदलायला लावतात, याचा अभ्यास करायचाय. आमची द्राक्षबाग आहे. पप्पा म्हणतात, यात नोकरी कुठंय?'

पप्पांची काळजी रास्त आहे. पण त्यांना २०१० चा हंगाम विचार. वेलीची वाढ रोखायला मारलेल्या लिहोसिनचे, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले आणि आपली द्राक्षं युरोपात अडकली. ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला तिथे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची सरसकट मर्यादा असते आणि ती युरोपीय संघाच्या २७ देशांना जशीच्या तशी लागू होते. हा आकडा ब्रुसेल्समध्ये, युरोपीय संघाच्या मुख्यालयात ठरतो आणि तिथे भारताला मत नसतं. तरीही अपेडाची, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची अंश-तपासणी, पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राने शिफारस केलेली औषधं, बागेची नोंदणी, तुमच्या घरातली फवारणीची वही, सगळं त्याच्याभोवती फिरतं. तू ज्याला धोरण म्हणतेस ते हेच, आणि प्रत्येक टप्प्यावर जाणकार माणूस लागतो.

पोलाद, ॲल्युमिनिअम, सिमेंटचंही आता तेच. १ जानेवारी २०२६ पासून युरोपात जाणाऱ्या या मालाला कार्बन शुल्क, म्हणजे तो बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावरचं शुल्क लागू झालंय. मायदेशात कार्बनची किंमत मोजली असेल तर तेवढी वजावट मिळते. म्हणून २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या आपल्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेकडे निर्यातदारांचं लक्ष आहे. टनामागे उत्सर्जन किती, हे कागदोपत्री मांडणारी माणसं कंपन्यांना आज हवी आहेत.

त्यामुळे थेट आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए. करू नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी अर्थशास्त्रात एम.एस्सी. कर; पुण्याची गोखले संस्था घरापासून फार लांब नाही. संख्याशास्त्र पक्कं असलं की पुढे सगळीकडे विचारतात. पदव्युत्तर पदवीनंतर यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवा परीक्षा देता येते, हे पप्पांना आवर्जून सांग. परदेशी जायचंच असेल तर इरास्मस मुंडस शिष्यवृत्ती बघ, तिला पैसा युरोपीय संघच देतो.

काढणीआधी लॅबची माणसं नमुना घ्यायला येतील, तेव्हा त्यांच्याबरोबर बागेत फिर. मग वहीतलं एक औषध निवड आणि त्याची युरोपातली मर्यादा व आपल्या एफएसएसएआयची, म्हणजे देशातल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा शेजारी मांड. दोन पानं झाली की मला पाठव, मी वाचून कळवते.