पाटल्यांवरचा 916 आणि पैंजणांवरचा 925 नेमके काय सांगतो?

आपण विचारले आहे की आईच्या जुन्या पाटल्यांवर चार खुणा आहेत, नव्या साखळीवर तीनच आहेत आणि पैंजणांवर नुसते 925 आहे, तर यांतले खरे काय मानावे. सराफी पेढीवर बरीच वर्षे काम केल्यामुळे हा प्रश्न मी रोज ऐकतो.

916 म्हणजे हजार भागांत 916 भाग शुद्ध सोने, म्हणजेच 22 कॅरेट. 18 कॅरेटला 750 आणि 14 कॅरेटला 585. परंतु हा आकडा कोणीही ठोकू शकतो, म्हणून एकट्या आकड्याला हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेची अधिकृत खूण, समजू नये. 1 एप्रिल 2023 पासून विक्रीच्या दागिन्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) त्रिकोणी शिक्का, 22के916 अशी शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक या तीनही खुणा लागतात (दोन ग्रॅमपेक्षा हलके डाग, म्हणजे दागिने, आणि कुंदन, पोलकी, जडावाचे दागिने यांना सूट आहे). आईच्या पाटल्यांवर बीआयएसच्या शिक्क्यासोबत शुद्धता, तपासणी केंद्राची खूण आणि सराफाची खूण असेल, तर तो जुन्या पद्धतीचा हॉलमार्क असून आजही ग्राह्य आहे. केडीएम हा शब्द मात्र कॅडमियमच्या डाकाचा, म्हणजे सांधा जोडण्याच्या धातूचा, आहे, शुद्धतेचा नव्हे.

माझा खरा आग्रह एचयूआयडीबद्दल आहे, कारण तो प्रत्येक डागाला स्वतंत्र दिलेला असतो. साखळीची कडी भिंगाखाली धरा, अक्षरे टिपून घ्या आणि पैसे देण्याआधी दुकानातच बीआयएस केअर ॲपमध्ये घाला. तिथे दागिन्याचा प्रकार, शुद्धता, सराफाचा नोंदणी क्रमांक आणि तपासणी केंद्र दिसते. एकदा एका बाईंनी दुसरीकडे घेतलेला गोफ माझ्याकडे आणला, त्यावरचा क्रमांक ॲपमध्ये घातला तर प्रकार अंगठी निघाला. शिक्का कोरीव आणि देखणा होता, म्हणूनच त्यांनी तो कधी पडताळला नव्हता.

बिलही जपून ठेवा, त्यावर वजन आणि शुद्धता लिहून घ्या. हॉलमार्कचा डाग कमी कसाचा निघाला, तर 2018 च्या बीआयएस नियमांनुसार विकलेल्या वजनावरील तुटीच्या फरकाची दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळतो. दहा ग्रॅमच्या 916 च्या डागात 9.16 ग्रॅम शुद्ध सोने हवे. तो 750 चा निघाला, तर 1.66 ग्रॅमची तूट धरली जाते.

चांदीचे नियम सैल आहेत. तिचा हॉलमार्क ऐच्छिक असून 1 सप्टेंबर 2025 पासून त्यातही एचयूआयडी आला आहे. आपल्या पैंजणांवरचे नुसते 925, म्हणजे हजार भागांत 925 भाग चांदी, हा केवळ विकणाऱ्याचा शब्द ठरतो. खात्री हवी असेल, तर बीआयएसमान्य केंद्रात ती तपासून घ्या. जर्मन सिल्व्हरमध्ये तर चांदी मुळीच नसते, ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण असते.