वाचक विचारतात : चार वर्षांच्या मुलीसाठी विज्ञानाची शाळा

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर यंदा एक ‘इंटरनॅशनल’ शाळा सुरू झाली आहे. नर्सरीपासून विज्ञानावर भर, रोबोटिक्सची प्रयोगशाळा आणि दुर्बीण, अशी तिची जाहिरात आहे. शुल्क वर्षाला 60,000 रुपये असून बसभाडे वेगळे आहे. शाळा आमच्या गावापासून 22 किलोमीटरवर आहे. मुलगी चार वर्षांची असून अंगणवाडीत जाते. सासरे म्हणतात, सोयाबीनचे पैसे तिकडे घालू नका. यजमान म्हणतात, आत्ता मागे पडली तर पुढे सायन्सला जाता येणार नाही. आम्ही काय करावे?
— एक वाचक भगिनी, जि. यवतमाळ

उत्तर : यजमानांची भीती अनाठायी आहे, हे आधीच सांगून टाकते. राज्य मंडळ असो वा सीबीएसई, विज्ञान हा स्वतंत्र विषय सहावीपासून सुरू होतो. त्याआधी तिसरी ते पाचवी परिसर अभ्यास असतो. त्यामुळे नर्सरीत रोबोट पाहिला नाही म्हणून अकरावीला सायन्सचे दार बंद होत नाही.

आता शाळेच्या नावाविषयी. पाटीवर इंटरनॅशनल लिहिलेल्या कित्येक शाळा प्रत्यक्षात सीबीएसईचा किंवा राज्य मंडळाचाच अभ्यासक्रम शिकवतात. त्यात गैर काही नाही, मात्र शुल्क कशाचे घेतले जाते ते पालकांना कळले पाहिजे. आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांपैकी आपल्याकडे प्रामुख्याने दोन चालतात : एक केंब्रिजचा आणि दुसरा, जिनिव्हा येथे 1968 साली स्थापन झालेल्या आयबी या संस्थेचा. आयबीचा 3 ते 12 वर्षांच्या मुलांसाठीचा कार्यक्रम 1997 पासून सुरू आहे. या दोहोंशी जोडलेल्या शाळा त्यांच्या संकेतस्थळांवर शोधता येतात. आयबीच्या यादीत ‘कँडिडेट’ असे लिहिलेले असेल, तर त्या शाळेला मान्यता अजून मिळालेली नाही, असे समजावे. शाळा सीबीएसईची असेल तर संलग्नता क्रमांक मागावा. पहिलीपासूनचे वर्ग चालवण्यासाठी शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार मान्यता लागतेच. ते प्रमाणपत्र आणि यू-डायस, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा 11 अंकी क्रमांक, दाखवताना कार्यालयाने आढेवेढे घेतले, तर तिथूनच परत फिरलेले बरे.

कागद चोख निघाले, तरी खरा प्रश्न उरतोच. चार वर्षांच्या मुलाचे विज्ञान म्हणजे हाताळणे, निरखणे आणि ‘का’ विचारणे. प्रयोगशाळेचे साहित्य कुलपातल्या काचेच्या कपाटात आहे की मुलांच्या हाताला येईल अशा फळीवर, ते प्रवेशापूर्वी स्वतः जाऊन पाहावे. शक्य झाल्यास अर्धा तास वर्गात बसू द्यावे, अशी विनंती करावी आणि मुलाने काही विचारल्यावर बाई काय करतात एवढेच पाहावे : उत्तर सांगून मोकळ्या होतात, गप्प बसवतात, की ‘चल, बघू या’ म्हणतात. माझ्या मते दुर्बिणीपेक्षा या एका गोष्टीला अधिक पैसे मोजावेत. दुर्बीण दिवसाच्या शाळेत कितीदा बाहेर निघणार, हेही विचारून पाहावे.

असे विज्ञान आपल्या घरी दर वर्षी होत असते. पेरणीपूर्वी सासरेबुवा सोयाबीनच्या बियाण्याची उगवणशक्ती तपासत असतीलच. या वर्षी ते काम नातीला सोबत घेऊन करावे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत 100 दाणे तिच्या हातांनी ठेवून घ्यावेत, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावे आणि रोज पाणी शिंपडण्याचे काम तिच्याकडे द्यावे. सात-आठ दिवसांनी गुंडाळी उलगडली की कोणत्या दाण्याला सरळ कोंब आला, कोणता नुसता फुगून कुजला, हे ती बोट ठेवून सांगेल. अंदाज बांधणे, वाट पाहणे, मोजणे आणि मोजणीवरून निर्णय घेणे, हे सारे त्यात येते. कारण 70 किंवा त्याहून अधिक दाणे उगवले तरच नेहमीच्या प्रमाणात पेरावे, कमी उगवले तर बियाणे वाढवावे, हे आजोबा तिच्यासमोरच ठरवतील. हाताच्या कामातून शिक्षण हा विचार 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत मांडला गेला, तेव्हा विदर्भाला तो परका नाही.

भाषेचाही विचार करावा. घरी वऱ्हाडी बोलणारे मूल ‘का’ हा प्रश्न वऱ्हाडीतच विचारणार. इंग्रजीत विचार म्हटले तर पुष्कळदा ते विचारणेच सोडून देते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, 2020 मध्येही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हे माध्यम असावे, असे म्हटले आहे. त्यात जाता-येता 44 किलोमीटरचा रोजचा बसप्रवास म्हणजे खेळण्याचा आणि झोपेचा वेळ गेला.

म्हणून माझा सल्ला असा, की पहिलीपर्यंत अंगणवाडी चालू ठेवावी, त्याच पैशांतला थोडा भाग नागपूरच्या रमण विज्ञान केंद्राच्या सहलीसाठी ठेवावा आणि गावच्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीला कोणते शिक्षक आहेत, याची चौकशी आतापासून करावी. ते शिक्षक चांगले नसतील, तर मात्र सासऱ्यांच्या म्हणण्याला मी दुजोरा देणार नाही. तेव्हा जवळपासच्या दुसऱ्या शाळेचा विचार जरूर करावा.

प्रश्न : आमच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा असल्यामुळे शेजारच्या खासगी शाळेत शिक्षण हक्क कायद्यातील वंचित व दुर्बल घटकांसाठीच्या 25 टक्के राखीव जागांवर प्रवेश मिळणार नाही, असे शाळेने सांगितले. हे खरे आहे का?
— एक पालक, जि. वाशीम

उत्तर : नाही. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला सूट देणारी अधिसूचना राज्याने फेब्रुवारी 2024 मध्ये काढली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती जुलै 2024 मध्ये रद्द केली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. अल्पसंख्याक शाळांना मात्र 25 टक्के राखीव जागांची तरतूद लागू नाही. अर्ज ऑनलाइन करावा लागतो. घर आणि शाळा यांतील अंतर सोडतीत विचारात घेतले जात असल्याने नकाशावर घराची खूण अचूक करावी. रहिवासाचा पुरावा, मुलाचा जन्मदाखला आणि जातीचा किंवा, दुर्बल घटकातून अर्ज असल्यास, एक लाखाच्या आतील उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवावा, कारण अर्जांच्या दिवसांत तेथे गर्दी असते.