बायबल भांडवलशाहीच्या बाजूचं की समाजवादाच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : एक ख्रिस्ती मित्र तालंतांचा दाखला (धन्यानं सोपवलेला पैसा वाढवणाऱ्या चाकरांना शाबासकी मिळते ती येशूची बोधकथा) पुढं करून सांगतो की येशूला नफा आणि गुंतवणूक मान्य होती, आणि दुसरा बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक उघडून म्हणतो की पहिली मंडळी, म्हणजे सुरुवातीचा ख्रिस्ती समाज, साम्यवादीच होती. बरोबर कोण?

दोघांनीही आपल्याला हवं ते सापडल्यावर पुस्तक मिटलेलं दिसतंय. तालंतांचा दाखला मत्तय २५ मध्ये तिसाव्या वचनाला संपतो. लगेच एकतिसाव्यापासून न्यायाच्या दिवसाचं वर्णन आहे. मी भुकेला होतो तेव्हा खायला दिलंत का, तुरुंगात होतो तेव्हा भेटायला आलात का, एवढंच तिथं विचारलं जातं. पाच तालंतांचे दहा कुणी केले याची चौकशी नाही. दुसऱ्या मित्राचंही तेच. कृत्ये २ आणि ४ मध्ये लोक जमिनी विकून पैसे वाटून घेतात हे खरं. पण पाचव्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र, काही पैसे लपवून सगळे दिल्याचं भासवणाऱ्या हनन्याला सुनावतो की जमीन विकण्याआधी ती तुझीच होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच ताब्यात होता. मग खोटं का बोललास? शिवाय या दोन्ही गोष्टींत सरकार कुठंच येत नाही, आणि तुमचे मित्र भांडतायत ते सरकारनं काय करावं यावर.

मी कोल्हापूरचा. अमेरिकन मिशनरी वाइल्डर १८५२ मध्ये इथं आले, त्या कामातून उभ्या राहिलेल्या मंडळीत वाढलोय. चर्चमध्ये राजकारण नको असं आमच्याकडं सगळेच म्हणतात आणि उपासना सुटल्यावर चहा हातात आला की तेच चालू होतं. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजना आली, महिन्याला दीड हजार. आमच्यातले एक दुकानदार काका सुरुवातीच्या काळातला प्रचारक पौल याचं वचन काढून म्हणाले, "फुकट खायची सवय लावायला लागलेत लोकांना. पौलानं स्पष्ट सांगितलंय, ज्याला काम करायचं नाही त्यानं खाऊ पण नये." चार घरची धुणीभांडी करणारी एक बाई चहाचे कप गोळा करत होती. ती म्हणाली, "काका, त्याच्या वरचं वाचा की. पौल म्हणतोय, मी कुणाची भाकरी फुकट खाल्ली न्हाई, रातध्याड राबलो. आदी सोता राबला, मग बोलला. आणि दीड हजारात कोण बसून खातंय ओ? गॅस तरी येतोय का दोन म्हैन्याचा, बघा." काका हसले, पण पुढं काही बोलले नाहीत.

बाईचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. पौलाच्या थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्राचा तिसरा अध्याय काढून बघा. पौल मंडळीतल्याच काही लोकांवर चिडलाय, जे काम सोडून इतरांच्या उचापती करत फिरत होते. प्रचारक म्हणून पोसून घ्यायचा हक्क त्याला स्वतःला होता, तोही त्यानं वापरला नाही.

या एका वचनाचा प्रवास मात्र भलताच आहे. लेनिननं ते समाजवादाचं तत्त्व म्हणून उचललं आणि १९३६ च्या सोव्हिएत राज्यघटनेच्या बाराव्या कलमात ते आलं. तिथं रोख होता बसून खाणाऱ्या मालकवर्गावर. २०१३ मध्ये अमेरिकेच्या संसदेत गरिबांच्या अन्नमदतीला कात्री लावायच्या चर्चेत टेनेसीच्या एका रिपब्लिकन प्रतिनिधीनं तेच वचन म्हटलं. त्याच्या स्वतःच्या शेतीला सरकारी अनुदान मिळत होतं, हे तिथल्या वर्तमानपत्रांनी लगेच बाहेर काढलं.

म्हणून कुणी वचन फेकलं की मी एवढंच बघतो : ते बोलणाऱ्याच्या खिशाला चाट लावतंय का दुसऱ्याच्या? आपल्याला काहीच सोडावं लागत नाही आणि सगळा उपदेश समोरच्या गरिबाला, असं असेल तर तो माणूस आधी ठरलेल्या मताला वचनाचा शिक्का मारून घेतोय. डावे-उजवे दोघेही यात येतात. पौलाच्याच रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय, 'अधिकाऱ्यांच्या अधीन राहा', हे बहुतेक वेळा खुर्चीवर बसलेलाच वाचून दाखवतो. २०१८ मध्ये सीमेवर आईबापांपासून मुलं वेगळी करण्याच्या समर्थनार्थ अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलनं ते वाचलं. वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेतही ते चालायचं. तिथल्या ख्रिस्ती धर्मशास्त्रींनी १९८५ च्या कैरोस निवेदनात उलट सांगितलं की बायबलच्याच 'प्रकटीकरण' या पुस्तकाचा तेरावा अध्याय, जिथं सत्ता म्हणजे श्वापद आहे, तोही वाचा.

आता आमच्या घरातली गोष्ट. पौलाचं गलतीकरांस पत्र, ३:२८ : यहूदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही, दास नाही, स्वतंत्र नाही, तुम्ही सगळे ख्रिस्तात एक आहात. १८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी एक वेगळं बायबल छापलं होतं. मिसर सोडून निघालेल्या इस्राएलांची कथा त्यातून गाळली होती आणि हे वचनही. मळेवाल्यांना त्याची एवढी धास्ती. आपल्याकडं याच वचनाचा उपयोग बरोबर उलटा होतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगानं ही धर्माची अट काढा म्हणून सांगितलं, पण ती आहे तशीच आहे. यावर बोलायला जावं तर ऐकायला मिळतं, "तुमच्या धर्मात जातच नाही ना? तुमचंच पुस्तक सांगतंय." बाहेरचे म्हणतात ते एक वेळ समजू शकतो. आमच्यातले सुस्थितीतले लोकसुद्धा हेच म्हणतात, आणि मुलीला स्थळ आलं की पहिला प्रश्न, "मूळचे कुठले? पणजोबा कुणातले?" शाहू महाराजांनी १९०२ मध्ये ज्या गावात पन्नास टक्के जागा राखीव ठेवल्या त्या गावात हे चालतं. पौल मंडळीला सांगत होता की तुम्ही आपसात असं वागा. पिढ्यान् पिढ्या गावकुसाबाहेर राहिलेल्याच्या नातवाला सवलत द्यायची का, याचं उत्तर त्या ओळीत शोधणं हा लबाडीचा धंदा आहे.

मग बायबलला आर्थिक मत नाहीच का? कर किती टक्के, साखर कारखाना सहकारी असावा का खासगी, हे त्यात नाही आणि शोधूही नये. पण मजुराच्या बाबतीत ते अजिबात गुळमुळीत नाही. याकोब ५:४ सांगतं की शेत कापणाऱ्यांची तुम्ही अडवून ठेवलेली मजुरी ओरडतेय आणि ते ओरडणं देवाच्या कानी पोचलंय. आमच्या जिल्ह्यात हंगाम सुरू झाला की ऊसतोड टोळ्या येतात, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडत थंडीत पालं ठोकून राहतात. ऐन हंगामात या वचनावर उपदेश झालेला मी तरी ऐकलेला नाही. मंडळीत ऊसवाले आहेत, पाळकांनाही गावात राहायचंय.

तुमच्या पहिल्या मित्राला मत्तय २५ चा उरलेला अर्धा अध्याय पाठवा आणि दुसऱ्याला विचारा की तू स्वतःचं काय विकलंस. काय उत्तर येतं ते खाली कमेंटमध्ये लिहा.