पणजोबा पहिल्या महायुद्धातून परतले नाहीत. खडकीत त्यांचं नाव का सापडत नाही?

पणजोबा खेड तालुक्यातले, दोनदा खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत जाऊन आलात, नाव दिसलं नाही, तर नोंद हरवली का, असं विचारलंय. हरवली नाही. पुण्यात ज्याला त्याला खडकीच दाखवतात, म्हणून हा घोळ होतो. तिथल्या १,६६८ कबरी दुसऱ्या महायुद्धातल्या. १९१४-१८ च्या स्मारकावर १,८०० च्या वर नावं आहेत खरी, पण ती भारतातच मेलेल्यांची. त्यांच्या जुन्या छावणीतल्या कबरी सांभाळणं जमेना, म्हणून नावं इथे आली. त्यातले ६२९ जण तर १९६२ साली शिवडीहून हलवलेले. मुंबई इलाख्यातले पुष्कळ शिपाई मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये पडले. तिथे पडलेला शिपाई खडकीत कुठून असणार? शिवाय हिंदू शिपायाचं दहन व्हायचं, त्यामुळे कबरीचा नाद सोडा.

आधी पलटण शोधा. घरात मेडल असेल तर तिची कड वाचा. नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण त्या कडेवरच ठोकलेली असते. चिंच लावून घासू नका, अक्षरं आधीच उथळ असतात. अंधारात टॉर्च आडवी धरून, कड थोडीथोडी फिरवत फोटो काढा. राजाचं डोकं असलेली 'ब्रिटिश वॉर मेडल' चांदीची नसून ब्राँझची असली तर पणजोबा बहुधा लढणाऱ्या पलटणीत नव्हते. (पंखवाल्या देवीची 'व्हिक्टरी मेडल' सगळ्यांचीच ब्राँझची, तिच्यावरून काही ठरवू नका.) हमाल, भिस्ती अशा बिनलढाऊ माणसांना ब्राँझची मिळायची. वीतभर नाही, पण १२ सेंटिमीटरची ब्राँझची चकती निघाली तर ती मृताच्या वारसाला दिलेली. तिच्यावर फक्त नाव असतं, नंबर नाही. चावडीवरच्या संगमरवरी पाटीवर 'या गावातून इतके गेले, इतके मेले' एवढाच आकडा.

आता कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची साइट, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याच्या फौजेतल्या युद्धमृतांची यादी ठेवणाऱ्या संस्थेची. आडनाव टाकून बसू नका. जाधवच्या शेवटी 'व्ही'ऐवजी 'ओ' असतो, कधी नुसतं नाव आणि बापाचं नाव असतं. इंडियन फोर्सेस हा फिल्टर लावा, पहिलं महायुद्ध निवडा, स्मारक बसरा (मेसोपोटेमियातल्या मृतांचं) घ्या, पलटणीच्या रकान्यात 'मराठा' जुन्या पद्धतीने टाका, म्हणजे मधे 'एच' आणि दोन 'टी'. आजचं स्पेलिंग टाकलंत की हाती काही लागत नाही. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी मेसोपोटेमियातल्या कुतच्या वेढ्यात होत्या, त्यांच्यापासून सुरुवात करा. आलेली यादी डाउनलोड करून एक्सेलमध्ये उघडा आणि 'अतिरिक्त माहिती'च्या रकान्यात 'पूना' शोधा. तिथे 'अमक्याचा मुलगा, गाव, तालुका, जिल्हा' असं असतं. खेडला हमखास फसायला होतं: एक खेड रत्नागिरीतही आहे, आणि आंबेगाव तेव्हा खेडचाच पेटा, म्हणजे पोटतालुका होता. घोडेगावकडचा माणूसही खेड म्हणूनच येऊ शकतो. भोरचा असेल तर 'पूना' नसेलच, ते संस्थान होतं.

माझं डोकं फिरतं ते 'इंडिया गेटवर सत्तर हजार नावं कोरलीत, तिथे नाही म्हणजे तो शहीद नाहीच' म्हणणाऱ्यांवर. हा वाद मी कितीदा घातलाय. इंडिया गेट ७० हजारांच्या स्मरणार्थ आहे. कोरलेली नावं १३ हजारांच्या आसपास. बसराच्या स्मारकावर तर ४० हजारांहून अधिक जणांचं स्मरण आहे, पण दगडावर ब्रिटिशांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं. साध्या हिंदी शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा. नावं स्मारकाच्या नोंदवहीत. कमिशनने स्वतः २०२१ च्या अहवालात हा दुजाभाव कबूल केला. ते स्मारकही १९९७ मध्ये उचलून नासिरियाकडे नेलं. तेव्हा दगड बघून माणसाचा निकाल लावणाऱ्याला आधी वही उघडायला सांगा.

फ्रान्समध्ये उलट आहे. नव्ह शापेलच्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी नावं खरोखर कोरलीत. तिथे २८ ऑक्टोबर १९१४ ला खडकीच्याच सॅपर्सच्या (खंदक, पूल, सुरुंगाचं काम करणाऱ्या पलटणीच्या) २० आणि २१ नंबरच्या कंपन्या लढल्या. पणजोबा सॅपर असतील तर बसरा सोडून आधी हे स्मारक टाका.

एक राहिलं. कमिशनची पहिल्या युद्धाची मुदत ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१. नाव कटून, म्हणजे फौजेतून सुटून, घरी येऊन नंतर वारले असतील तर ते या यादीत नसण्याचीच शक्यता जास्त. आणि लाहोरच्या संग्रहालयातल्या ज्या नोंदवह्यांचं कौतुक होतं, त्या पंजाबच्या आहेत. त्यात खेड शोधू नका.