नैराश्यावरील गोळीचा गुण यायला इतके आठवडे का लागतात?

गोळी सुरू होऊन बारा दिवस झाले तरी मन तसेच जड आहे, तेव्हा सततच्या ताणाने मेंदूतील पेशी कायमच्या मेल्या असतील का, असे तुम्ही विचारले आहे. मी औषधशास्त्र शिकवते, आणि याच टप्प्यावर खचून गोळी बंद करणारी माणसे मी जवळून पाहिली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

ताण आला की मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल सोडतात. स्मृतीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग या संप्रेरकाला लगाम घालण्यास मदत करतो, पण ताण दीर्घकाळ टिकला तर त्याचाच मारा या भागाला सोसावा लागतो. उंदरांवरील प्रयोगांत तेथील पेशींच्या शाखा आखडलेल्या आणि नव्या पेशींची निर्मिती मंदावलेली दिसली. शाखा आखडणे म्हणजे पेशी मरणे नव्हे. ताण संपल्यावर त्या पुन्हा वाढलेल्याही आढळल्या आहेत. शिवाय सारा मेंदूच झिजतो असेही नाही, कारण बंगळुरूच्या सुमंत्र चटर्जी यांच्या गटाला 2002 मध्ये असे दिसले की, त्याच ताणाने मेंदूच्या भीतीशी संबंधित अमिग्डला या भागातील पेशींच्या शाखा उलट वाढतात.

आता गोळीविषयी. पेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या सेरोटोनिन या रसायनावर तिचा परिणाम काही तासांतच सुरू होतो, मग गुण यायला आठवडे का लागावेत? सन 2000 मध्ये येल विद्यापीठातील रोनाल्ड डुमन यांच्या गटाने दाखवले की, नैराश्यावरील औषधे काही आठवडे दिल्यावर उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी वाढतात, थोडे दिवस दिल्याने वाढत नाहीत. पुढे 2003 मध्ये कोलंबिया विद्यापीठात रेने हेन यांच्या गटाने क्ष-किरणांनी उंदरांतील ही निर्मिती रोखली, तेव्हा फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरील औषधाचा त्यांच्या वागणुकीवरील परिणाम दिसेनासा झाला. नवी पेशी परिपक्व व्हायलाही काही आठवडे लागतात, हा मेळ मला महत्त्वाचा वाटतो. मात्र प्रौढ माणसाच्या मेंदूत अशा पेशी कितपत तयार होतात याविषयी 2018 मध्येच दोन शोधनिबंधांनी परस्परविरोधी निष्कर्ष काढले, त्यामुळे एवढ्यावरून नैराश्याचे पूर्ण स्पष्टीकरण मिळाले असे मी म्हणणार नाही.

बारा दिवसांवरून औषध निरुपयोगी ठरवू नका. साधारणपणे चार ते सहा आठवड्यांनंतरच डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलण्याचा निर्णय घेतात. सुरुवातीला अस्वस्थता वाढली तर ती त्यांना लगेच कळवा, मनाने गोळी थांबवू नका, आणि जीव नकोसा वाटू लागला तर पुढच्या भेटीची वाट न पाहता घरातल्या कोणाला तरी सांगा व 14416 या टेलि-मानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर फोन करा; तो रात्रीही चालू असतो.